कोरियन फौजदार आणि आमची दूध डेअरी

लेकीच्या आग्रहाखातर गेल्या उन्हाळ्यात मी एक कोरियन मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. सोळा भाग, हिंदीत डब केलेले. लेक सुट्टीला बारामतीला आली होती आणि दुपारचं जेवण झालं की मला टीव्हीसमोर बसवायची. "बाबा, गुन्ह्याची आहे, तुम्हाला आवडेल." मला गुन्ह्याच्या मालिका आवडतात असं तिच्या डोक्यात कुणी भरवलं होतं कोण जाणे. बाप तीस वर्षं असल्या मालिकांपासून लांब राहिला आहे, हे तिच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

मालिका चांगली होती, हे आधीच सांगून टाकतो. समुद्रकाठचं लहानसं गाव, तिथं एक खून, आणि तपासाला पोट बिघडलेला, पन्नाशीतला एक फौजदार. हा फौजदार उभ्या उभ्या शेवया खातो, शर्टाची कॉलर मळलेली, जिना चढताना धापा टाकतो. मला तो एकदम पटला. पोलिसाला दम लागलेला मी पडद्यावर पहिल्यांदा पाहिला. गावातली माणसंही खरी वाटली. मोठं खोटं कुणीच बोलत नव्हतं. प्रत्येकजण काहीतरी छोटं लपवत होता आणि त्या छोट्या छोट्या लपवण्यानं तपासाचा पार विचका होत होता.

पण सगळ्यात चांगला होता तो शिंपी. दुसऱ्या भागात त्याच्यावर संशय येतो, सहाव्या भागात तो निर्दोष ठरतो. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत हा माणूस तिथंच संपला असता. इथं सातव्या भागात त्याचं दुकान दाखवलं. एक बाई येते, अर्धवट शिवलेला कोट परत मागते, घडी घालते आणि निघून जाते. शिंपी टेपनं मापं घेत राहतो, पण समोर माप घ्यायला कुणीच नाही. मी लेकीला म्हटलं, जरा थांबव. ती म्हणाली, चहा हवाय का? मी हो म्हटलं.

आता खोट. योगायोग पोत्यानं भरलेले. ज्याला जो माणूस हवा, तो त्याला नेमका बसस्टॉपवर भेटतो. खुनी शेवटच्या भागात गच्चीवर उभा राहून सगळा गुन्हा क्रमवार समजावून सांगतो आणि फौजदार पिस्तूल धरून वर्गातल्या पहिल्या बाकावरच्या मुलासारखं ऐकत राहतो. संगीत तर असं, की आता रडा, आता घाबरा, हेही तेच सांगणार. हे सगळं मी चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र चालवून घेता आली नाही. दहाव्या भागात फौजदार माफी मागायला त्या शिंप्याच्या घरी जातो. पाऊस पडतोय. दारात उभा राहून तो कमरेपासून वाकतो आणि वाकलेलाच राहतो. शिंपी त्याला हात धरून उठवतो, बायको चहा ओतते, झालं.

लेक रडत होती. मी म्हणालो, "हे खोटं आहे."

"त्यांच्याकडे असंच वाकतात, बाबा."

"वाकण्याबद्दल नाही म्हणत मी."

"मग कशाबद्दल?"

मी उठून पाणी प्यायला गेलो. तिनं पुढचा भाग लावला. तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर नव्वदीच्या दशकात आहे, निमगाव केतकी आणि शेळगाव यांच्या मधल्या एका वस्तीवर. तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि आमच्या लहानशा दूध संस्थेचा सचिव होतो.

सचिव हा शब्द ऐकायला मोठा आहे. काम असं, की सकाळ-संध्याकाळ लोक किटलीतनं दूध आणणार, मी त्यात लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघणार, आकडा मोठ्यानं सांगणार, दूध कॅनमध्ये ओतणार, आणि टेम्पो आला की कॅन शीतकरण केंद्रावर रवाना करणार. कॅन धुणारा मी, झाडणारा मी आणि सचिवही मीच. दुधात पाणी असलं की डिग्री खाली येते, एवढं शास्त्र सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. मी बारावी सायन्स केलेलं, म्हणून माझं शास्त्र थोडं जास्त, असा माझा समज होता.

डेअरीच्या पुढच्या खोलीत एक टीव्ही होता. चेअरमननी तो आणला होता. त्यांना सगळे तात्या म्हणत. रविवारी सकाळी टेम्पो गेला की माणसं रिकाम्या किटल्या घेऊन तिथंच बसायची, कारण त्या वेळी एक हिंदी जासुसी मालिका लागायची. त्यातला जासूस मे महिन्यातही ओव्हरकोट घालून फिरायचा. कोटाला कधी चुणी नाही, डोक्यावरची टोपी कधी तिरकी नाही. अर्ध्या तासात गुन्हा, संशयित, पुरावा आणि बेड्या. आणि गुन्हेगार ठरलेला: ज्याच्यावर कुणाचाच संशय नाही तो. घरातला जुना नोकर, देवळात जाणारी आत्या, गोड बोलणारा डॉक्टर. चार-सहा रविवारांत आम्हाला सूत्र सापडलं. तात्या तर पहिल्याच जाहिरातीला जाहीर करायचे, "त्यो बघ, गप बसलाय त्योच हाय." आणि तोच निघायचा. आम्ही टाळ्या द्यायचो.

त्या उन्हाळ्यात केंद्रावरून चिठ्ठी आली. संध्याकाळच्या एका कॅनची डिग्री खूप कमी, दुधात पाणी आहे. दोन दिवसांनी पुन्हा चिठ्ठी. मग एक दिवस काही नाही, मग पुन्हा. तिसऱ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की असंच चाललं तर तुमच्या वस्तीचं दूध बंद करू. तात्या चिठ्ठी हातात घेऊन माझ्याकडं आले. "सायन्स शिकलास न्हवं? मग हुडीक की."

मी हुडकायला लागलो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात भलतीच मजा यायला लागली. वही केली. कुठल्या संध्याकाळी चिठ्ठी, कुठला कॅन, कुणाकुणाचं दूध त्यात. उन्हाळ्यामुळं दूध कमी झालेलं, दोन कॅन भरायचे आणि उरलंसुरलं तिसऱ्यात जायचं. कधी तिसऱ्याची गरजच पडायची नाही. मी आकडे लावले तर स्पष्ट दिसलं: पाणी फक्त तिसऱ्या कॅनला. टेम्पोवाला सुटला, कारण त्याला पाणी घालायचं तर एकाच कॅनला कशाला घालेल? राहिले ते ज्यांचं दूध तिसऱ्या कॅनात जायचं ते. असे दोघंच. एक तात्यांचा चुलत भाऊ, तो कारखान्याची पाळी संपवून उशिरा यायचा. आणि दुसरी बौद्धवस्तीतली एक बाई. तिला मी मावशी म्हणायचो.

मावशीचा नवरा इंदापूरला एसटीच्या वर्कशॉपमध्ये होता. घरी दोन जर्सी गाई. त्यांचा चारा, पाणी, पेंड सगळं घड्याळावर. तिचं गोठ्यातलं झाडणं बघून माझी आई म्हणायची, आपल्या स्वयंपाकघरापेक्षा तिचा गोठा बरा. तिच्या दुधाची डिग्री रोज अठ्ठावीस. सकाळी अठ्ठावीस, संध्याकाळी अठ्ठावीस. मी कधीकधी लॅक्टोमीटर सोडायच्या आधीच अठ्ठावीस म्हणायचो आणि ती हसायची.

ती नेहमी रांगेत शेवटी असायची. तिला कुणी तसं सांगितलेलं नव्हतं. डेअरीत सगळ्यांचं दूध एकाच कॅनात पडायचं आणि त्याचा आम्हाला अभिमानही होता. पण तिच्या वस्तीवरची माणसं सगळ्यांचं झाल्यावर पुढं यायची, आणि आम्ही कुणी त्यांना अलीकडं या म्हणायचो नाही. ही गोष्ट माझ्या वहीत नव्हती.

आता बघा, संशयित दोन. चुलत भावाची डिग्री कधी सत्तावीस, कधी एकोणतीस, एकदा तर पंचवीस आणि मग हसत हसत "आज गाय जास्त पाणी प्याली" म्हणणारा माणूस. मावशीची रोज अठ्ठावीस. साध्या अकलेच्या माणसानं कुणाकडं बघितलं असतं? मी मावशीकडं बघितलं. इतकं सारखं कसं असेल? तात्यांना सांगितलं तर ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "आरं, गप बसलीय तीच हाय!"

माझ्यापुढं अडचण एकच. मी मोजताना तिचं दूध चोख असायचं. त्यावर मी बारावी सायन्सच्या जोरावर एक शोध लावला, की ती पाणी घालून वर साखर टाकत असणार, म्हणून इथं डिग्री बरोबर येते, आणि केंद्रावर जाईपर्यंत साखर तळाला बसते. दुधात विरघळलेली साखर तळाला बसत नाही हे सातवीच्या पोराला कळतं. मलाही कळत होतं. पण तेव्हा मला कळून घ्यायचं नव्हतं.

मग मी सापळा लावला. चार दिवस तिचं दूध मोठ्या कॅनात न ओतता एका स्टीलच्या डब्यात वेगळं घेतलं आणि चिठ्ठी लावून केंद्रावर पाठवलं. पहिल्या दिवशी मी डबा पुढं केला तेव्हा ती थांबली. डब्याकडं बघितलं, कॅनकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यात का?"

"सॅम्पल हाय मावशी. तपासायला."

"सगळ्यांचं घ्येतोयस का?"

"घेणार हाय."

तिनं किटली उचलली. दूध ओतलं आणि गेली. तिच्या दुधाला वेगळं भांडं लावताना आपण काय करतोय हे माझ्या ध्यानात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ध्यानात आलं होतं.

चार दिवसांत चिठ्ठी आली नाही. तिच्या डब्यातलं दूध केंद्रावरही अठ्ठावीसच भरलं. कुणीही म्हणेल, बाई सुटली. पण ओव्हरकोटवाल्याचे चेले आम्ही. तात्या म्हणाले, तिला संशय आला म्हणून चार दिवस ती नीट वागली. मी म्हणालो, शिवाय तिचं दूध बाजूला काढल्याबरोबर पाणी बंद झालं, यापेक्षा पुरावा काय हवा? तिचं दूध बाजूला काढलं की बाकीचं सगळं दोन कॅनांत मावत होतं आणि तिसरा कॅन उघडलाच जात नव्हता, हे माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं नाही.

पाचव्या संध्याकाळी रांग उभी असताना मी तिला मोठ्यानं सांगितलं, "मावशी, उद्यापासनं दूध आणू नका. पाण्याची तक्रार हाय."

"माज्या दुधात पाणी हाय? मोज की."

"हितं बरोबर येतंय. पण तितं केंद्रावर..."

"तितं किती आलं?"

मी वहीचं पान उलटलं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "तरीच म्हणलं, रोज अठ्ठावीस कसं काय!" दोघंचौघं हसले. तिनं किटलीचं झाकण लावलं. घाई केली नाही, झाकण नीट बसलं का ते दाबून बघितलं आणि निघून गेली. मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. खरं सांगतो, मला जासुसी जमली असं वाटलं.

आठ-दहा दिवसांनी एका घरची गाय व्याली, पुढं तिचं दूध डेअरीत यायला लागलं आणि तिसरा कॅन पुन्हा लागला. आणि पुन्हा चिठ्ठी आली. पाणी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लोक यायच्या आधी मी तिसऱ्या कॅनच्या तोंडावरचं फडकं बदलायला गेलो. दूध गाळून पडावं म्हणून मी कॅनच्या तोंडाला आधीच फडकी बांधून ठेवायचो. कॅन पुढं ओढला आणि आत काहीतरी डचमळलं. फडकं सोडून बघितलं तर तळाला दोन-तीन तांबे पाणी. ते पाणी कुणी घातलं हे मला तत्काळ कळलं. पत्र्याच्या खोलीत कॅन तापतात आणि दूध नासतं, म्हणून त्या उन्हाळ्यात मी एक युक्ती काढली होती. दुपारी प्रत्येक कॅनात थोडं विहिरीचं गार पाणी घालून ठेवायचं आणि संध्याकाळी ओतून टाकायचं. युक्ती माझी, सगळ्यांना कौतुकानं सांगितलेली. पुढचे दोन कॅन मी रोज आठवणीनं ओतायचो. भिंतीकडंचा तिसरा लागेलच असं नसायचं, म्हणून तो तसाच राहायचा, आणि लागला की घाईत फडक्यावरून दूध ओतलं जायचं. शेवटी येणाऱ्या माणसाचं दूध माझ्या पाण्यात पडत होतं.

मी तात्यांना सांगितलं. त्यांनी विडी विझवली. "आता पानी घालायचं बंद कर. झालं गेलं. बोंबलत बसू नगंस, संस्थेची अब्रू जाती. तिचं दूध परत घ्यायला लाग."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मावशीच्या घरी गेलो. ती अंगणात विळ्यानं मका तोडत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, साखरेचा शोधही सांगितला. तिनं ऐकून घेतलं. तोडलेला मका बाजूला सारला. मला वाटत होतं ती चिडेल, नाहीतर बस म्हणेल. पाणी तरी विचारेल. आमच्याकडं दारात आलेल्याला पाणी विचारतातच.

"झालं सांगून?" तिनं विचारलं.

"व्हय. माझं चुकलं, मावशी."

"हितं माज्या अंगणात कोन हाय ऐकायला? ह्या गाई? तू तितं रांगंत म्हणला हुतास. तितंच म्हण."

"म्हणतो."

"उद्या सकाळी येते मी दूध घेऊन."

ती आली. रांग भरात असताना आली आणि नेहमीसारखी शेवटी न थांबता होती तिथं मधेच उभी राहिली. तिच्यासाठी कुणी सरकलं नाही, पण कुणी हटकलंही नाही. तात्या खुर्चीत बसून माझ्याकडं बघत होते. तिची पाळी आली. मी लॅक्टोमीटर सोडला. "अठ्ठावीस," मी म्हणालो. मग किटली उचलली, दूध कॅनात ओतायला लागलो तर तिनं किटलीवर हात ठेवला.

"आनी?"

रांग बघत होती. मला एकच वाक्य बोलायचं होतं. पाणी मी घातलं, ह्यांनी नाही. लहान पोरालासुद्धा बोलता येईल असं वाक्य. मी ते रात्री घोकून ठेवलं होतं.

"आजपासनं तुमचं दूध चालू, मावशी," मी म्हणालो. "फुडचं कोन हाय?"

तिनं माझ्या हातातनं किटली काढून घेतली, झाकण लावलं आणि परत निघाली. त्यानंतर तिच्या घरचं दूध सकाळच्या एसटीनं निमगावच्या डेअरीला जायचं. सकाळी मी डेअरीचं दार उघडत असायचो आणि ती किटली घेऊन रस्त्याकडं चाललेली असायची. मान वळवायची नाही. तीन वर्षं रोज, पावसाळ्यातसुद्धा. मग मी बारामतीला नोकरीला लागलो.

वस्तीत तिच्या दुधातल्या पाण्याची बोलणी किती दिवस चालली ते मला नक्की ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे, की पुढं तिच्या मुलीच्या लग्नात कुणीतरी खीर चाखून, "पाणी न्हाय ना घातलं?" म्हणालं आणि पंगत हसली. मी त्या पंगतीत होतो. तिनं मला बोलावणं धाडलं होतं, सगळ्या वस्तीला धाडलं होतं. मी मान खाली घालून जेवलो.

आमच्या त्या रविवारच्या मालिकेची खोट मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. तिनं आम्हाला चुकीचं सूत्र दिलं, संशय नसलेला तोच चोर, असं काहीबाही. ते अर्धंच खरं आहे. सूत्र मालिकेनं दिलं होतं, माणूस आम्ही निवडला. संशयित दोन होते आणि चुलत भावाचं दूध वेगळ्या भांड्यात घेण्याचं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

मावशी आता नाही. तिचा मुलगा बारामतीत वकिली करतो. बाजारात भेटला की आपणहून थांबतो, तब्येत विचारतो. त्याला माहीत आहे की नाही हे त्याच्या तोंडावरून मला अजून ओळखता आलेलं नाही. मी दर वेळी ठरवतो की आज बोलायचं, आणि दर वेळी भाजीच्या भावावर बोलून घरी येतो.

हे लिहायला घेतलं तेव्हा वाटलं होतं की निदान कागदावर तरी सगळ्यांसमोर ते वाक्य म्हणून होईल. पाणी मी घातलं होतं. आता लिहून झाल्यावर पहिल्यापासून वाचून बघितलं, तर वस्तीचं नाव नाही, माझं नाव नाही, आणि जिच्यासाठी हे म्हणायचं होतं तिचंही नाव मी कुठं घातलेलं नाही.